पडलेल्या पुलाचे फोटो : थॉमस बाउच या इंजिनिअरची गोष्ट

आज कोड नाही, नवीन फोन नाही. आज एका रेल्वे पुलाची, तो बांधणाऱ्या माणसाची आणि त्या पुलाच्या फोटोंची गोष्ट सांगणार आहे. पण आधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो, म्हणजे मी या गोष्टीपर्यंत कसा पोहोचलो ते कळेल.

काही महिन्यांपूर्वी रात्री दोन वाजता आमची सिस्टीम बंद पडली. त्या आठवड्यात ड्युटी माझी होती. झोपेतून उठलो, लॅपटॉप उघडला आणि घाबरून सरळ सर्व्हर रिस्टार्ट केला. दहा मिनिटांत सगळं सुरू झालं. मी खूश! सकाळी सीनियरने विचारलं, कशामुळे पडलं होतं? मी लॉग बघायला गेलो, तर लॉग नव्हतेच. ते मेमरीत होते आणि रिस्टार्टबरोबर उडून गेले. म्हणजे दुरुस्ती करताना पुरावा मीच पुसला होता.

त्यानंतर मोठे अपघात कसे तपासतात याबद्दल वाचायला लागलो आणि स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पुलापाशी येऊन थांबलो. हा पूल १८७९ साली पडला. लगेच काही दिवसांत त्याच्या तुटलेल्या प्रत्येक खांबाचे फोटो काढले गेले आणि ते आजही बघता येतात. ज्या इंजिनिअरचं नाव त्या फोटोंना कायमचं चिकटलं तो म्हणजे सर थॉमस बाउच.

स्वस्तात काम करून देणारा इंजिनिअर

बाउचचा जन्म २५ फेब्रुवारी १८२२ चा, इंग्लंडच्या उत्तरेला कार्लाइल शहराजवळच्या थर्स्बी या गावात. वडील जहाजावरचे कप्तान. भाऊ विल्यम पुढे रेल्वे इंजिनांचा नामांकित इंजिनिअर झाला. थॉमस सतरा वर्षांचा असताना रेल्वेच्या कामाला लागला. तेव्हा इंजिनिअरिंग म्हणजे कॉलेजची डिग्री नव्हती. साहेबाच्या हाताखाली राबायचं, मोजमापं घ्यायची आणि त्यातूनच शिकायचं.

१८४९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो एडिंबरा आणि डंडी यांच्या दरम्यानच्या एका रेल्वे कंपनीचा मॅनेजर आणि इंजिनिअर झाला. सत्तावीस! म्हणजे साधारण माझंच वय. आणि त्याच्यासमोरचा प्रॉब्लेम बघा. या रस्त्यात फोर्थ आणि टे या दोन नद्या समुद्राला मिळतात. मुखाजवळ त्या इतक्या रुंद होतात की खाडीच म्हणा. प्रवाशांना गाडीतून उतरून बोटीत, बोटीतून उतरून परत गाडीत बसावं लागे. मालाचे डबे तर दोन्ही किनाऱ्यांवर रिकामे करून भरावे लागत.

बाउचने मालाचे डबे थेट बोटीवर चढतील अशी सोय केली. भरती-ओहोटीने पाण्याची पातळी वर-खाली होते, म्हणून किनाऱ्याच्या उतारावर सरकणारा एक प्लॅटफॉर्म बसवला. पाणी जसं असेल तसा तो प्लॅटफॉर्म हलवायचा आणि डबे रुळांवरून सरळ बोटीत ढकलायचे. १८५० साली फोर्थवर ही सेवा सुरू झाली. मालगाडीचे डबे बोटीवर चढवून नेणारी ही जगातली पहिली फेरी मानली जाते. म्हणजे माणूस हुशार होता, यात शंका नाही.

पुढे त्याने स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि कमी पैशात रेल्वे बांधून देणारा म्हणून नाव कमावलं. छोट्या गावांना रेल्वे हवी असायची, पण पैसे नसायचे. असे लोक बाउचकडे जात. इंग्लंडच्या डोंगराळ भागात त्याने बेला आणि डीपडेल हे लोखंडी पूल बांधले. बेलाची उंची जवळपास ६० मीटर होती. तो १८६० च्या सुमारास उभा राहिला आणि थेट १९६० च्या दशकात, मार्गच बंद झाल्यावर, उतरवला गेला. शंभर वर्षं टिकलेला पूल बांधणाऱ्याला अडाणी म्हणता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

टे नदीवरचा पूल

बोटीने भागत होतं, पण बाउचच्या डोक्यातून पूल जात नव्हता. १८५० च्या दशकापासून तो टे नदीवर पूल बांधायचं म्हणत होता. शेवटी १८७० साली संसदेची परवानगी मिळाली आणि १८७१ साली काम सुरू झालं. लांबी ३ किलोमीटरहून जास्त, एकूण ८५ गाळे. तेव्हा जगात एवढा लांब रेल्वे पूल दुसरा नव्हता.

मधल्या १३ गाळ्यांखालून जहाजं जायची होती. म्हणून तिथे पुलाचा खालचा भाग भरतीच्या पाण्यापासून सुमारे २७ मीटर वर ठेवला. बाकी पुलावर गाडी गर्डरच्या वरून धावायची, पण या १३ गाळ्यांत ती गर्डरच्या आतून, जाळीदार बोगद्यातून गेल्यासारखी जायची. म्हणजे पुलाचा सर्वात उंच आणि वरून सर्वात जड भाग नेमका नदीच्या मधोमध, वाऱ्याच्या तोंडावर.

गडबड पायापासूनच सुरू झाली. नदीच्या तळाशी खडक आहे असं सुरुवातीच्या बोअरिंगमध्ये वाटलं होतं. काम पुढे गेल्यावर कळलं की बऱ्याच ठिकाणी तो खडक नाहीच, घट्ट बसलेल्या गोट्यांचा पातळ थर आहे. त्यावर विटांचे जड खांब उभे करणं शक्य नव्हतं. मग बाउचने डिझाइन बदललं. खांब हलके केले, त्यांची संख्या कमी केली, मधले गाळे लांब केले. सोप्या भाषेत सांगायचं तर प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना रिक्वायरमेंट बदलली. आपल्यातले अनेकजण इथे कसनुसं हसतील.

नवीन खांब कसे होते ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे.

प्रत्येक खांब म्हणजे षटकोनात उभे केलेले सहा पोकळ नळ, बिडाचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. दाबाखाली ते उत्तम काम करतं, पण ओढलं तर काचेसारखं तडकतं. हे सहा नळ एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यामध्ये घडीव लोखंडाच्या तिरक्या पट्ट्या बसवल्या होत्या. पट्टी नळाला जोडायला नळावरच ओतताना छोटे कान काढले होते. त्या कानांना भोक, भोकात बोल्ट, बोल्टाला पट्टी. वारा आडवा आला की पट्टी ताणली जाणार आणि सगळा ताण त्या बिडाच्या कानावर येणार. म्हणजे जे लोखंड ओढ सहन करत नाही, त्यालाच ओढीचं काम दिलं होतं.

वर आणखी एक. कानांची भोकं ड्रिलने पाडली नव्हती, ओतकामातच काढली होती. अशी भोकं थोडी निमुळती येतात. त्यामुळे बोल्ट पूर्ण भोकाला न टेकता फक्त कडेवर टेकतो आणि सगळा जोर एका रेघेवर येतो.

वारा

आता सगळ्यात मोठा प्रश्न. वाऱ्याचा हिशेब किती धरला होता? फोर्थ नदीवरच्या दुसऱ्या एका पुलासाठी बाउचने सरकारी खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांचा सल्ला घेतला होता. पूर्ण गाळ्यावर मिळून दर चौरस फुटाला १० पौंड, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५० किलो दाब धरावा, असा तो सल्ला. टेच्या पुलासाठी बाउचने वाऱ्याची वेगळी तरतूदच केली नाही. त्याच काळात फ्रान्स आणि अमेरिकेतले इंजिनिअर याच्या पाचपट धरत होते.

वाऱ्याने इशारा दिला नव्हता असंही नाही. फेब्रुवारी १८७७ मध्ये, बांधकाम चालू असताना, वादळात दोन मोठे गर्डर खाली पडले. त्यातला एक सरळ करून परत पुलात बसवला गेला.

फेब्रुवारी १८७८ मध्ये सरकारी तपासणी झाली. सहा इंजिनं एकामागे एक जोडून पुलावरून नेली. पूल पास झाला, पण ताशी २५ मैलांची, म्हणजे ४० किलोमीटरची वेगमर्यादा घातली गेली. तपासणी करणाऱ्या मेजर जनरल हचिन्सन यांनी अहवालात लिहिलं होतं की जोराच्या वाऱ्यात गाडी जात असताना काय होतं ते बघण्याची त्यांची इच्छा आहे. ती बघणी काही झाली नाही. लोड टेस्ट झाली, वाऱ्याची टेस्ट राहिली आणि रिलीज झालं.

१ जून १८७८ ला प्रवासी गाड्या सुरू झाल्या. पूल बघायला लोक लांबून यायचे. डंडीतल्या व्हॅलेंटाइन कंपनीसारखे फोटोग्राफर अशा नामांकित ठिकाणांची चित्रं विकायचे, त्यात हा पूलही होता. जून १८७९ मध्ये राणी व्हिक्टोरिया या पुलावरून गेली आणि त्याच महिन्यात बाउचला सर ही पदवी मिळाली. फोर्थवरच्या पुलाचं कामही त्याच्याचकडे होतं. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस शिखरावर होता.

खडखडणाऱ्या पट्ट्या

पुलाच्या देखभालीसाठी बाउचने हेन्री नोबल नावाचा माणूस नेमला होता. प्रामाणिक, कष्टाळू, पण त्याचा अनुभव विटांच्या आणि पायाच्या कामाचा. लोखंडी कामाचा नाही. १८७८ च्या ऑक्टोबरमध्ये नोबलला गाडी जाताना खांबांवरच्या काही तिरक्या पट्ट्या खडखडताना ऐकू आल्या. म्हणजे त्या सैल झाल्या होत्या. मग त्याने काय केलं? लोखंडाचे छोटे तुकडे आणून जिथे फट दिसली तिथे पाचर मारल्यासारखे ठोकले. आवाज बंद झाला. बाउचला त्याने हे कळवलं नाही.

हे वाचताना मी थांबलो, कारण मला माझा अलर्ट आठवला.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या रात्रीच्या तीन आठवडे आधी मेमरी वाढल्याचा एक अलर्ट रोज पहाटे वाजायचा. काही पडायचं नाही, नुसता त्रास. मी त्याची मर्यादा ८० टक्क्यांवरून ९५ केली. आवाज बंद झाला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. नोबलने फटीत लोखंडाचा तुकडा ठोकला, मी मर्यादेचा आकडा ठोकला. काम तेच.

पट्टी सैल होणं हा आजार नव्हता, लक्षण होतं. पाचर मारल्यावर पट्टी सैल होती तशीच राहिली, फक्त आवाज थांबला. आणि जो माणूस त्या आवाजाचा अर्थ लावू शकला असता त्याच्यापर्यंत तो पोहोचलाच नाही. पण बाउच यातून सुटत नाही. लोखंडाच्या पुलावर लोखंड न कळणारा माणूस त्यानेच नेमला होता आणि स्वतः एकाच वेळी अनेक कामांत अडकलेला होता.

२८ डिसेंबर १८७९

रविवारची संध्याकाळ. टेच्या खाडीत भयंकर वादळ. सातच्या सुमारास दक्षिणेकडून डंडीला जाणारी गाडी पुलावर आली. इंजिन, पाच डबे आणि एक ब्रेकव्हॅन. सव्वासातच्या आसपास गाडी उंच गाळ्यांत असताना तेराच्या तेरा गाळे गाडीसकट नदीत गेले. सुमारे १ किलोमीटर पूल नाहीसा झाला. गाडीतलं कुणीही वाचलं नाही.

किती लोक गेले? आधीच्या स्टेशनवर गोळा केलेल्या तिकिटांवरून ७५ हा आकडा अनेक वर्षं सांगितला गेला. नंतर स्थानिक अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा नावानिशी ५९ जण सापडले. काही जणांचे मृतदेह कधीच मिळाले नाहीत. विचित्र गोष्ट म्हणजे इंजिन मात्र नदीतून वर काढलं, दुरुस्त केलं आणि ते १९१९ पर्यंत धावलं. लोकांनी त्याचं नाव पाणबुड्या ठेवलं.

आधी फोटो, मग साफसफाई

चौकशी मंडळ लगेच नेमलं गेलं. आणि आता ती गोष्ट येते जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. चौकशीसाठी व्हॅलेंटाइन कंपनीला तुटलेल्या पुलाचे फोटो काढायचं काम दिलं. भर हिवाळ्यात, नदीच्या मधोमध, वजनदार कॅमेरा, स्टँड आणि काचेच्या प्लेट घेऊन माणसं कामाला लागली. एका खांबाचा फोटो, मग त्याच खांबाचा दुसऱ्या बाजूने. मग पुढचा खांब. चौथऱ्यावर पडलेले बिडाचे तुकडे, लोंबकळणाऱ्या पट्ट्या, उखडलेले दगड. काही फोटोंत माणूस उभा दिसतो. त्याच्यामुळे तुटलेला भाग केवढा आहे ते चटकन कळतं.

हे फोटो सुंदर नाहीत, कंटाळवाणे आहेत. तीच त्यांची ताकद आहे. कोणता फोटो पुढे महत्त्वाचा ठरेल ते माहीत नसताना सगळंच टिपून ठेवलं होतं.

आता थोडं तंत्र. तेव्हाचे फोटो इतके स्पष्ट कसे? आपल्या फोनचा सेन्सर नखाएवढा असतो. तेव्हाची निगेटिव्ह म्हणजे पुस्तकाच्या पानाएवढी काच. तिच्यावर कागद ठेवून त्याच आकाराची प्रिंट काढायची. मोठं करायचं नाही, त्यामुळे बारकावे हरवत नाहीत. कॅमेरा हलला नाही तर अशा प्लेटवर बोल्टचं डोकंसुद्धा ओळखता येतं. नदीचं पाणी मात्र बऱ्याच जुन्या फोटोंत धुक्यासारखं गुळगुळीत दिसतं, कारण शटर जास्त वेळ उघडं असायचं.

निकाल

चौकशीत एकेक गोष्ट बाहेर आली. ओतशाळेतल्या कामगारांनी सांगितलं की बिडातल्या हवेच्या पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस आणि काजळी यांच्या मिश्रणाने बुजवल्या जायच्या. वरून रंग लावला की नळ एकदम नवा. पुलाचे कान प्रयोगशाळेत ओढून बघितले, तेव्हा ते अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी ओढीला तुटले. रंगाऱ्यांनी सांगितलं की गाडी जाताना पूल हलायचा.

बाउचचं म्हणणं होतं की वाऱ्याने शेवटचे डबे रुळावरून घसरून गर्डरवर आदळले आणि त्या धक्क्याने पूल गेला. मंडळाला ते पटलं नाही. जून १८८० च्या अहवालाचा सारांश असा की आराखडा, बांधकाम आणि देखभाल, तिन्हींत पूल कमी पडला. मंडळाचे अध्यक्ष रॉदरी यांनी मुख्य जबाबदारी स्पष्टपणे बाउचवर टाकली.

फोर्थच्या पुलाचं काम त्याच्याकडून गेलं. त्याच्या दुसऱ्या एका पुलाची, माँट्रोज गावाजवळच्या, तपासणी झाली आणि तोही उतरवावा लागला. बाउचची तब्येत ढासळली. ३० ऑक्टोबर १८८० ला, अहवालानंतर चार महिन्यांत, तो मॉफट या गावी गेला. वय ५८.

यानंतर ब्रिटनमध्ये पुलांसाठी वाऱ्याचा दाब दर चौरस फुटाला ५६ पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २७० किलो धरायचा नियम आला. फोर्थवर १८९० साली उघडलेला तो भला दांडगा लाल पूल, ज्याचे फोटो तुम्ही नक्की बघितले असतील, याच आकड्यावर उभा आहे.

स्कॅनरने उघडलेली फाइल

साधारण १२० वर्षांनी, या शतकाच्या सुरुवातीला, ओपन युनिव्हर्सिटीचे पीटर लुईस यांनी ते फोटो हाय रिझोल्यूशनवर स्कॅन केले आणि तुटलेला एकेक कान मोठा करून बघितला. कान भोकापाशी तुटलेले, बोल्ट आणि पट्ट्या मात्र शाबूत. त्यांचं मत असं झालं की पूल एका रात्रीत पडला नाही. गाड्यांच्या येण्या-जाण्याने तो आडवा हलत होता, कानांना थकव्याच्या चिरा पडत होत्या, पट्ट्या सैल होत होत्या. वादळाने शेवटचा धक्का दिला. दुसरे काही संशोधक म्हणतात की नुसता वाराच पुरेसा होता. वाद अजून चालू आहे, पण तो वाद घालता येतो हेच मला महत्त्वाचं वाटतं. निकाल देणारे गेले, ज्याच्यावर निकाल दिला तो गेला, पण पुरावा शिल्लक आहे. नवा प्रश्न घेऊन कुणीही त्याच्याकडे परत जाऊ शकतं.

मग बाउच दोषी होता का? माझ्या मते, हो. पण तो लबाड किंवा अडाणी नव्हता. बेला नीट उभा होता, म्हणून काटकसर चालते असा त्याचा विश्वास बसला. पंचवीस वर्षं जे चाललं, ते नदीच्या मधोमध चाललं नाही. आधीच्या यशामुळे त्याने नवीन प्रश्न विचारणं सोडलं. मला हे भीतीदायक वाटतं, कारण असं कुणाचंही होऊ शकतं.

आज टे नदीवर नवा पूल आहे, १८८७ सालचा, जुन्याच्या अगदी शेजारी. जुन्या पुलाचे न पडलेले काही गर्डर त्यात वापरले आहेत. तिथे फोटो काढायला जाणाऱ्यांच्या फ्रेममध्ये नव्या पुलाच्या बाजूने पाण्यातून वर आलेले बुटके चौथरे रांगेत दिसतात. ते बाउचच्या खांबांचे पाय.

आणि माझं काय झालं? लॉग गेल्यामुळे माझ्या अलर्टची गोष्ट कुणाला कधीच कळली नसती. दोन दिवस मी गप्प बसलो. मग टीमच्या मीटिंगमध्ये सांगून टाकलं की मर्यादा मीच वाढवली होती. थोडी शांतता झाली. मग शेजारच्या एका सहकाऱ्याने सांगितलं की त्यानेही दोन अलर्ट असेच बंद केले आहेत. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून अशा नऊ पाचरी शोधून काढल्या.

आता आमच्याकडे साधा नियम आहे. काही पडलं तर आधी लॉग कॉपी करायचे, स्क्रीनशॉट घ्यायचे, मगच रिस्टार्ट. आणि कुठलाही अलर्ट शांत केला तर कारण लिहून ठेवायचं, आपल्यापेक्षा जास्त कळणाऱ्या एकाला तरी सांगायचं. तुमच्याकडेही एखादी पट्टी खडखडत असेल, तर तुकडा ठोकण्याआधी तिचा फोटो काढा.